खासदारबाईंचा पहिला भोंगा

मी भोंगा बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, ओरडतोयच. हळू बोलणं माझ्या घडणीतच नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या खापर गावच्या बाजारात धुडकू मंडपवाल्याचं दुकान विचारा, कोणीही दाखवेल. आत शिरलात की खुर्च्यांच्या थप्पीवर, खिळ्याला टांगलेला, एका कडेने चेपलेला करडा भोंगा दिसेल. तो मी. खाली जमिनीवर ऐसपैस बसलेले दोन काळे डीजेचे डबेही दिसतील. त्यांच्याकडे बघितलं नाहीत तरी चालेल.

आधीच सांगून टाकतो, मी जळका आहे. दुसऱ्याचं बरं चाललेलं मला बघवत नाही. आणि माझ्या जळण्याच्या मुळाशी एक बाई आहे, खासदार फुलवंताबाई. तुम्ही त्यांना टीव्हीवर पाहिलं असेल, दिल्लीच्या त्या भल्यामोठ्या सभागृहात बोलताना. तो आवाज या जगात सगळ्यात आधी ज्याने मोठा केला, तो मी. पुढे तो माझ्याकडून गेला, आणि मला तो परत हवा होता. माझ्या आयुष्याची गोष्ट एवढीच आहे.

माझा जन्म सुरतेचा. एका पत्र्याच्या शेडमध्ये कारागिरांनी मला फिरत्या साच्यावर दाबून गोल केलं, मागे आवाजाचं युनिट बसवलं आणि रंगाचा हात मारला. धुडकूने मला विकत घेतलं आणि एसटीत मांडीवर बसवून खापरला आणलं. शेजारच्या माणसाने "खाली ठेव ना भो" म्हटलं, तर धुडकू त्याच्यावर डाफरला. तेव्हा मी त्याच्या मांडीवर बसायचो, हे मुद्दाम सांगतोय. आता त्या डब्यांवर तो रोज फडकं मारतो आणि माझ्यात चिमणीने काड्या आणून टाकल्या तरी त्याचं लक्ष नसतं.

धुडकू मूळचा शहाद्याकडचा, कळसाडीचा. कापसा-उसाच्या सपाट मुलखातला माणूस. सासुरवाडीमुळे खापरला आला आणि मंडपाचा धंदा टाकला. इथून वर डोंगर सुरू होतात आणि डोंगरात पाडे. पाड्यांवर लग्न असलं की धुडकूच्या भाड्याच्या जीपवर बांबू, कनाती, पातेली, आणि सगळ्यांच्या वर मी.

डोंगरातल्या लग्नात माझं खरं काम गाणी वाजवायचं नव्हतं. नावं घ्यायचं होतं. पाहुणा आहेर घेऊन येतो. कोणी हंडा, कोणी लुगडं, कोणी बकरा. तो माईकजवळ येतो, माईकवाल्याच्या कानात आपलं नाव, पाडा आणि आहेर सांगतो. मग ते सगळं माझ्या तोंडून अख्ख्या डोंगराला ऐकू जातं. नाव घेतलं की माणूस सुखाने पंगतीला बसतो. नाव राहिलं किंवा चुकलं, की त्या पाड्याची माणसं न जेवता उठून जातात आणि पुढे कित्येक वर्षं त्या घराशी बोलत नाहीत. हंड्याचं काही नाही, नावाचं आहे.

आणि धुडकू नेमका तिथेच माती खायचा. त्याला डोंगरातली नावं येत नसत. एका लग्नात वरच्या आमलीपाड्याने बकरा आणला आणि याने जोरात सांगितलं, "खालच्या आमलीपाड्याकडून बकरा!" वरच्या पाड्याचे सगळे पुरुष उभे राहिले.

"बकरा आमना अन् नाव त्यासनं! आमले नको तुमनं जेवण."

"आमलीपाडा म्हंजे आमलीपाडा," धुडकू म्हणाला. "वरला काय अन् खालला काय!"

हे त्याने माईक चालू असताना म्हटलं. म्हणजे ते मी म्हटलं. दगड आले ते माझ्या दिशेने. माझी कड चेपली आहे ती त्याच दिवशी.

धुडकूकडे मंडप बांधायला जेठ्या नावाचा गडी होता, त्याच डोंगरातला. त्याची मुलगी आश्रमशाळेत राहून बारावीची परीक्षा देऊन आली होती आणि त्या दिवशी बापाबरोबर लग्नाला आली होती. जेठ्या पुढे झाला.

"शेठ, मन्ही पोरले बोलू द्या. तिले बठ्ठा पाडा माहीत शेतस."

ती पोर म्हणजे फुलवंता. तिने माईक हातात घेतला आणि 'हॅलो हॅलो' केलं नाही. सरळ म्हणाली, की वरच्या आमलीपाड्याचा, टेकडीवरच्या मोहाखाली ज्यांचं घर आहे त्यांचा, काळा बकरा आला आहे, आणि एवढा मोठा बकरा या लग्नात दुसऱ्या कोणी आणलेला नाही. माणसं हसली. उठलेली बसली. मग एकेक जण तिच्या कानाशी येत गेला. आश्रमशाळेत तिच्या खोलीत प्रत्येक पाड्याची एक तरी मुलगी होती, त्यामुळे कोण कोणाची सून, कोणाचं घर ओढ्याच्या कुठल्या काठाला, हे तिला माहीत. प्रत्येक नावाला ती असं काहीतरी जोडायची की ते नाव दुसऱ्या कोणाचं होऊच शकत नव्हतं.

तिचा आवाज थोडा घोगरा होता, आणि माझ्या पत्र्याला तो असा काही मानवला की काय सांगू! धुडकूच्या बोलण्याने मी खरखरायचो. तिच्या बोलण्याने मी गायचो. मला माईकचाही हेवा वाटला, कारण तो तिच्या ओठांशी आणि मी बांबूच्या टोकाला. पण तो बापडा ऐकणारा, बोलणारा मी, अशी मी माझी समजूत घातली.

मग ती प्रत्येक लग्नात येऊ लागली. लोक तारीख ठरवताना विचारायचे, जेठ्याची पोर आहे ना? पुढे ती अक्कलकुव्याला कॉलेजात शिकली, सरपंच झाली, तरी लग्नसराईत माईक तिचाच.

सरपंच झाल्यावर तिने एक नवीन गोष्ट सुरू केली. खापरच्या बाजाराच्या दिवशी ती धुडकूच्या दुकानासमोर ओट्यावर बसायची, मला छपरावर बांधायची. लोक आहेर सांगायला यावेत तसे तिच्या कानाशी येऊन गाऱ्हाणं सांगायचे, आणि ती ते नावानिशी जाहीर करायची. "उंबरपाण्याचा हातपंप होळीपासून बंद आहे. पाणीपुरवठ्याचे साहेब बाजारात आले असतील तर त्यांनी ओट्यापाशी यावं, उंबरपाण्याच्या बाया वाट बघतायत." साहेब कोंबडी घ्यायला आलेले असायचे. पिशवीतल्या कोंबडीसकट त्यांना यावं लागायचं. सगळा बाजार बघत असायचा आणि हातपंप आठवड्यात दुरुस्त व्हायचा.

धुडकू म्हणायचा, "तू बोलस तव्हय लोके जागावरथून हालतस नही व, फुलवंता." तो माझं नाव घ्यायचा नाही, पण मी मनावर घेतलं नाही. त्या दिवसांत मी कोणावरही जळत नव्हतो. जळायला वेळच नव्हता.

त्या ओट्यावरूनच ती जिल्हा परिषदेत गेली. मग लोकसभेची निवडणूक आली. पक्षातली दोन मोठी घराणी तिकिटासाठी इतकी भांडली की शेवटी तिसरंच नाव काढावं लागलं, आणि ते मंडप बांधणाऱ्या जेठ्याच्या मुलीचं निघालं. खापरच्या बाजारात ढोल वाजले. मी म्हटलं, झालं, आता मी जिल्हाभर फिरणार. नवापूर, तळोदा, नंदुरबार.

कसचं काय! पक्षाने प्रचाराच्या गाड्या पाठवल्या आणि त्यांत बसून आले ते काळे डबे. त्यांच्यात तिचा आवाज आधीच भरलेला. ती जीपमध्ये झोपलेली असली तरी डबे तिच्या आवाजात बोलायचे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला फक्त वरच्या पाड्यांवर नेलं, कारण तिथे त्या गाड्या चढत नव्हत्या. उंबरपाण्याला गंगीबाई नावाच्या बाईच्या अंगणात सभा झाली. बाळंतपणात अडलेल्या तिच्या सुनेला बांबूच्या झोळीत घालून माणसं डोंगर उतरली होती आणि ती वाटेतच गेली होती. गंगीबाईने ते फुलवंताच्या कानात सांगितलं. फुलवंताने माईक खाली ठेवला, डोळे पुसले, आणि मग ते माझ्यातून सगळ्यांना सांगितलं. "हा रस्ता मी करेन," ती म्हणाली. ते माझ्या तोंडून आलेलं तिचं शेवटचं भाषण.

ती निवडून आली. मिरवणुकीत डबे वाजले. धुडकूला एवढा उत्साह चढला की त्याने स्वतःसाठीही तसलेच डबे आणले, आणि मी खिळ्यावर गेलो.

नंतर एके दिवशी बाजार भरलेला असताना धुडकू ओरडत आला, "देखा, देखा! आपली फुलवंता बोली ऱ्हायनी!" त्याच्या मोबाईलमध्ये दिल्ली होती. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्याने मोबाईल डब्यांना जोडला. मला नाही, डब्यांना. मी वरून बघत होतो.

तिच्यापुढे एक माईक होता. बारीक, वाकलेला, वेताच्या काडीसारखा. त्याला लाल दिवा. एवढाच जीव, आणि म्हणे सारा देश ऐकतो! तिला बोलायला थोडकी मिनिटं मिळाली होती, विषय रस्त्यांचा होता. इतर खासदारांनी आपल्या पुढाऱ्यांची स्तुती केली होती, विरोधकांना टोमणे मारले होते. फुलवंता उभी राहिली आणि तिने नावं घ्यायला सुरुवात केली. वरचा आमलीपाडा. खालचा आमलीपाडा. नाल्यापलीकडचं निंबीपाणी. प्रत्येक पाड्याचं नाव, आणि तिथून झोळीत घालून कोणाला आणलं त्याचं नाव. लग्नात घेतात तशी. मागच्या बाकांवरचे हसले. अध्यक्षांनी घंटी वाजवली, मुद्द्यावर या म्हणाले. तिला कळेचना, हाच तर मुद्दा होता. एक नाव घेऊन दुसरं गाळायचं कसं? गाळलं तर ती माणसं जेवणार कशी? ती म्हणाली, "उंबरपाण्याची गंगीबाई, तिची सून..." आणि लाल दिवा विझला. तिचे ओठ हलत राहिले, आवाज नव्हता.

मला आनंद झाला. बघा म्हटलं, हा तुमचा दिल्लीचा माईक! नाव अर्ध्यावर असताना बंद पडतो! माझ्यातून बोलली असती तर शेवटच्या पाड्यापर्यंत बोलली असती.

पण बाजारात कोणी माझ्यासारखा विचार करत नव्हतं. मिरच्या विकणारी एक म्हातारी तराजू खाली ठेवून रडत होती. "मन्हा पाडानं नाव लिधं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग मला फारच वाईट वाटलं. ते नाव माझ्यातून कितीतरी वेळा गेलं होतं, तेव्हा ती रडली नव्हती.

ते भाषण गाजलं. दिल्लीच्या वर्तमानपत्रांनी 'नावं घेणारी खासदार' म्हणून फोटो छापले. उंबरपाण्याचा रस्ता मंजूर झाला आणि झालाही, ते मी नाकारत नाही. पण त्यानंतर फुलवंता जिथे जाईल तिथे "उंबरपाण्याची गंगीबाई" हे नाव घेऊ लागली. मुंबईत, पुण्यात, परदेशातल्या कुठल्याशा परिषदेत. धुडकूच्या मोबाईलमधून ते नाव दर दोन दिवसांनी माझ्या कानावर आदळायचं. काळ्या डब्यांचा हेवा एक वेळ समजू शकतो, मी तर एका म्हातारीवर जळू लागलो. काय केलं होतं हो तिने? अंगणात सभा झाली, तेवढंच. मीही त्या अंगणात होतो. माझं नाव कोणी घेतलं?

बाजारातला ओटा मात्र रिकामा राहिला. खासदारबाई जिल्ह्यात आल्या की विश्रामगृहावर उतरायच्या, उद्घाटनं करायच्या, जायच्या. जेठ्या गेला तेव्हा दोन दिवस राहून गेल्या.

पुढच्या निवडणुकीत ती पडली. धुडकू दुकानात डोक्याला हात लावून बसला, "आपली ताई पडनी रे." लोक येऊन त्याच्याजवळ हळहळत होते. आणि मी? माझ्या आनंदाला खिळा अपुरा पडत होता! आता दिल्ली नाही. आता तो काडीमाईक नाही. आता येईल ती परत, माझ्याकडे.

आली. याच उन्हाळ्यात. उंबरपाण्याच्या दलसिंगच्या मुलाचं लग्न होतं. त्या गावाने ग्रामसभेत ठराव केलाय, की लग्नात डीजे लावायचा नाही. आपले ढोल, आपली बासरी, आणि नावं घ्यायला एक साधा भोंगा. धुडकू तोंड वाकडं करत स्टुलावर चढला, माझ्यातलं चिमणीचं घरटं काढलं, युनिट पुसलं. निघताना मी डब्यांकडे असं बघितलं म्हणता! नव्या डांबरी रस्त्याने आम्ही उंबरपाण्याला गेलो आणि मला मांडवाच्या पुढच्या बांबूवर चढवलं.

फुलवंताबाई आल्या. केस कानशिलाजवळ पांढरे झाले होते. धुडकूने माईक पुढे केला.

"ताई, नाव तुम्हीच ल्या. आपला जुना भोंगा शे."

ती वर बघून हसली. माझ्याकडे बघून. मी तेव्हा काय झालो ते विचारू नका.

"उपस्थित सन्माननीय बंधू-भगिनींनो," ती म्हणाली.

हे तिने कुठून आणलं कोण जाणे. मला ते जरा टोचलं, पण आवाज तोच होता, घोगरा, माझ्या पत्र्याला मानवणारा. मी म्हटलं चालेल. लोक तिच्या कानाशी येऊ लागले. दलसिंगचे साडू, नवरीचे मामा. ती नावं घेत होती, पण नुसतीच नावं. पुढे जोडायला तिच्याकडे काही नव्हतं. मधूनच थांबायची. लोकांना वाटायचं, आता म्हणेल मोहाखालचं घर, आता म्हणेल ओढ्याकाठचं. ती पुढच्या माणसाकडे वळायची.

मग एक वाकलेली म्हातारी आली. काखेत कोंबडी. तिने कानात काहीतरी सांगितलं. दात नसल्याने असेल, फुलवंताला कळलं नाही. तिने म्हातारीकडे नीट पाहिलं, आणि अगदी अदबीने विचारलं,

"आपण कोण? कुठून आलात?"

माईक चालू होता. ते मी विचारलं. सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं, मीच विचारलं. ढोलवाल्यांचे हात थांबले. पंगतीतल्या वाढणाऱ्या बाया वळून बघू लागल्या. कारण त्या मांडवात एकही माणूस असा नव्हता ज्याला ती म्हातारी कोण हे माहीत नव्हतं.

म्हातारी बोलली. फुलवंता तिच्याच जमातीची, तिच्याच डोंगरातली; पण ही तिच्याशी घरच्या भिली बोलीत बोलली नाही. बाजारात परक्या दुकानदाराशी जी बोलतात ती अहिराणी बोलली.

"मी गंगी. मन्हं नाव तू दिल्लीमा लिधं. आठे मालेच पुछस, कोण म्हनीसन?"

तेही माझ्यातूनच गेलं. मला थांबवता आलं नाही. मला कधीच काही थांबवता येत नाही.

फुलवंताचा चेहरा मी वरून पाहिला. मतमोजणीच्या दिवशी धुडकूच्या मोबाईलमध्ये दिसला होता तो यापेक्षा बरा होता. दुसरी एखादी पुढारीण असती तर हसून वेळ मारून नेली असती. तिने अंगठ्याने माईकचं बटण दाबलं. मी मुका झालो. मग ती गंगीबाईच्या पुढ्यात खाली मातीत बसली, पदर सावरला नाही, काही नाही, आणि आपला कान त्या म्हातारीच्या बोळक्या तोंडाशी नेला.

गंगीबाई बोलू लागली. पुष्कळ वेळ बोलली. कोंबडी काखेतून सुटून गेली तरी बोलत होती. फुलवंता मान हलवत होती, मध्येच एखादा शब्द विचारत होती, घरच्या बोलीत. ओठांवरून कळत होतं. एकदा गंगीबाईने तिच्या डोक्यावर टप्पल मारली. एकदा दोघी रडल्या. मी बांबूच्या टोकावर, एवढं मोठं तोंड वासून, आणि मला एक अक्षर ऐकू येईना.

नंतर फुलवंता उठली आणि माईक न घेताच मांडवात फिरली. प्रत्येकाजवळ बसली, कान पुढे केला. त्या लग्नात पुढचं एकही नाव जाहीर झालं नाही. हंडे आले, लुगडी आली, बकरे आले, आणि कोणाचंच नाव माझ्या तोंडून गेलं नाही. तरी कोणी उठलं नाही. सगळे जेवले.

तेव्हापासून ती पाड्यांवर फिरते. पायी, किंवा कोणाच्या मोटारसायकलवर मागे बसून. पुन्हा उभी राहणार म्हणतात, नाही राहणार असंही म्हणतात. बाजारात आली की दुकानापाशी थांबते. धुडकूने एकदा विचारलं, "ताई, भोंगा बांधू का ओट्यावर?"

"आते नको भाऊ," ती म्हणाली. "आधी माले ऐकू दे."

मी खिळ्यावरून ते ऐकलं. डब्यांनीही ऐकलं, पण त्यांना काय त्याचं!

तर मी आहे असा. धुडकू मला भंगारात द्यायचं म्हणतो आणि मग विसरतो. काळ्या डब्यांवर जळायचं मी आता सोडलंय, दिल्लीच्या त्या काडीवरही. आता मी फक्त त्या म्हातारीवर जळतो. तिला ना पत्रा, ना युनिट, ना बॅटरी, तोंडात दातसुद्धा नाहीत, आणि ती बोलली तेव्हा फुलवंता मातीत बसली.

तुम्ही वरच्या अंगाला जाणार असाल तर माझं एक काम करा. उंबरपाण्याला आता थेट गाडी जाते. गंगीबाईचं घर कोणीही दाखवेल. तिला विचारा, त्या दिवशी कानात काय सांगितलंस. आणि येताना दुकानात थांबून मला सांगून जा. अगदी हळू सांगितलंत तरी चालेल. मी कोणाला कळू देणार नाही.